१०७ टक्के यील्ड कुठून आलं? टक्केवारी यील्डच्या हिशोबाचा धागा

कोरा_फ्लास्क

बीएस्सीच्या ऑरगॅनिक प्रिपरेशनमधल्या ॲसिटॅनिलाइडचा हिशोब तपासून हवा आहे.

घेतलेलं: ॲनिलीन ५ मिली, ॲसिटिक ॲनहायड्राइड ५ मिली, ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड ५ मिली, चिमूटभर झिंक पावडर. कंडेन्सर लावून अर्धा तास उकळलं, बर्फाच्या पाण्यात ओतलं, बुख्नरवर (व्हॅक्युमने गाळायच्या फनेलवर) गाळलं, फिल्टर पेपरमध्ये दाबून वजन केलं. भरलं ७.९ ग्रॅम.

हिशोब: ॲनिलीनची घनता १.०२, म्हणजे ५.१ ग्रॅम. रेणुभार ९३.१३, म्हणजे ०.०५४८ मोल. ॲसिटॅनिलाइडचा रेणुभार १३५.१७, म्हणून सैद्धांतिक यील्ड ७.४० ग्रॅम. ७.९ ÷ ७.४० × १०० = १०६.८ टक्के. शंभराच्या वर जाऊच शकत नाही हे कळतं, पण चूक नेमकी कुठे ते सापडत नाही.

मोलाचा_माणूस

गुणाकार-भागाकार बरोबर आहेत. अंश आणि छेद दोन्ही चुकलेत. आधी छेद घेऊ.

दोन्ही ५-५ मिली घेतले की प्रमाण सारखं झालं असं डोळ्याला वाटतं, मोलमध्ये तसं नसतं. ॲनहायड्राइडची घनता १.०८, म्हणून ५.४ ग्रॅम. रेणुभार १०२.०९, म्हणून ०.०५२९ मोल. ॲनिलीन ०.०५४८. एकास एक प्रमाण आहे, तेव्हा आधी संपणार ॲनहायड्राइड. लिमिटिंग रिएजंट तो, ॲनिलीन नव्हे. सैद्धांतिक यील्ड ०.०५२९ × १३५.१७ = ७.१५ ग्रॅम, आणि त्या हिशोबाने तुमचं यील्ड १०६.८ नाही, ११०.५ टक्के. म्हणजे दुखणं होतं त्याहून मोठं निघालं.

आता त्यातली मेख. दोघांमधला फरक जेमतेम साडेतीन टक्के आहे. १० मिलीच्या मेजरिंग सिलिंडरने ५ मिली मोजताना ०.२ मिली इकडेतिकडे सहज होतं, आणि ती ४ टक्क्यांची चूक. त्या चुकीने लिमिटिंग रिएजंटच बदलतो. म्हणून द्रव मिलीत ओतला तरी नोंद वजनाची ठेवा: फ्लास्कचं रिकामं वजन, ॲनिलीन घातल्यावरचं वजन, मग ॲनहायड्राइड घातल्यावरचं. यील्ड काढायचंच असेल तर ॲनहायड्राइड थोडा जादा, समजा ६ मिली घ्या, म्हणजे छेद कुठला याचा वादच उरत नाही. अर्थात फार जादा घेऊन तास-दोन तास उकळत बसलात तर दोन ॲसिटिल गट लागलेलं डायॲसिटिलॲनिलीनही बनू लागतं.

अणुरेणु

मोलाचा_माणूस यांच्या हिशोबाला एक पुरवणी. फ्लास्कमध्ये ५ मिली ग्लेशियल ॲसिटिक ॲसिडही आहे, आणि ते निव्वळ द्रावक नाही. नुसतं ॲसिटिक ॲसिड आणि ॲनिलीन उकळूनही ॲसिटॅनिलाइड बनतं, फक्त फार सावकाश. झिंक पावडर घालून करायची 'ग्रीन' कृती त्यावरच चालते. त्यामुळे ॲनहायड्राइड संपल्यावरही उरलेल्या ॲनिलीनपैकी थोडं या वाटेने जाऊ शकतं, आणि तत्त्वतः ७.१५ ही इथे पक्की कमाल मर्यादा ठरत नाही. ॲसिटिल गट पुरवणारे दोन असतील तर दोघांचे मोल मिळून ॲनिलीनशी ताडून बघायचे. तसं केलं की ॲनिलीन लिमिटिंग ठरतं आणि छेद पुन्हा ७.४०.

मग लिहायचं काय? दोन्ही चालतं, पण सोबत "ॲनिलीनच्या आधारे" किंवा "ॲनहायड्राइडच्या आधारे" एवढे दोन शब्द हवेत. ते नसतील तर वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

झिंकबद्दल: ती ॲनिलीनचा तपकिरी रंग घालवायला आणि उकळताना ते पुन्हा ऑक्सिडाइज होऊ नये म्हणून. हिशोबात ती धरायची नाही. मात्र जादा पडली तर पावडर ॲसिटॅनिलाइडसोबत बुख्नरवर येते आणि तुमच्या अंशात वजन भरते.

गाळणकागद

छेदाचं झालं, आता अंश. ७.९ ग्रॅममध्ये पाणी आहे. पेपरमध्ये दाबून सुकवलेल्या बारीक स्फटिकांत पाव वजन पाण्याचं असणं अगदी नेहमीचं. बोटाला कोरडं लागतं, तराजूला लागत नाही. वास घेऊन बघा, व्हिनेगरसारखा आला तर ॲसिटिक ॲसिडही अडकलंय, म्हणजे धुणंच अपुरं झालं. धुवायचं बर्फाच्या पाण्याने, ५-५ मिली दोनदा, व्हॅक्युम बंद करून, पाणी गोळ्यात मुरू देऊन, मग पुन्हा व्हॅक्युम. व्हॅक्युम चालू ठेवून वरून बदाबदा पाणी ओतलं की ते एका भेगेतून निघून जातं आणि बाकीचं तसंच राहतं.

सुकवताना आणखी एक खड्डा. ॲसिटॅनिलाइड ११४ अंशांना वितळतं म्हणून ओव्हन १०० वर ठेवतात, आणि वॉच ग्लासवर तेलाचा थर मिळतो. ओलं ॲसिटॅनिलाइड ८३ अंशांच्या वर पाण्याबरोबर तेलकट द्रव बनतं, कोरड्याचा वितळणबिंदू काहीही असो. म्हणून ६० ते ७० अंश. तासाभराने काढायचं, डेसिकेटरमध्ये गार करायचं, वजन घ्यायचं, पुन्हा अर्धा तास, पुन्हा वजन. लागोपाठच्या दोन वजनांत ०.०१ ग्रॅमच्या आत फरक आला की ते वजन धरायचं. गरम वॉच ग्लास तराजूवर ठेवू नका, वर चढणाऱ्या हवेने आकडा कमी दिसतो.

रिकाम्या वॉच ग्लासचं वजन आधी घेऊन ठेवा. आणि फिल्टर पेपर वजनात धरू नका. ओला पेपर एकट्यानेच अर्ध्या ग्रॅमची फसवणूक करतो.

कोरा_फ्लास्क

सर्वांचे आभार. ७० अंशांवर सुकवून वजन स्थिर झालं ५.९ ग्रॅमवर. म्हणजे ७.१५ च्या आधारे ८२.५ टक्के. मग १३० मिली पाण्यातून पुन्हा स्फटिकीकरण केलं, सुकवून ५.२ ग्रॅम. ५.२ ÷ ५.९ = ८८ टक्के. शेवटचं यील्ड ८८ लिहू का?

गाळणकागद

नको! ८८ टक्के ही स्फटिकीकरणाची रिकव्हरी. यील्डचा छेद जागचा हलत नाही: ५.२ ÷ ७.१५ = ७२.७ टक्के. जर्नलमध्ये कच्चं ८२.५ आणि शुद्ध ७२.७ असे दोन्ही लिहा, पण ८८ ला यील्ड म्हणू नका. परीक्षक तिथेच पकडतात.

गेलेल्या ०.७ ग्रॅमचा हिशोबही लागतो. थंड पाण्यात दर १०० मिलीला साधारण अर्धा ग्रॅम ॲसिटॅनिलाइड विरघळलेलं राहतंच. १३० मिलीत ०.६५ ग्रॅम गेलं, बाकी पेपरला आणि चंचुपात्राला चिकटलं. हेच ३०० मिली पाणी घेतलं असतं तर दीड ग्रॅम गटारात आणि यील्ड ६१-६२ टक्क्यांवर. उकळत्या पाण्यात १०० मिलीला साडेपाच ग्रॅमच्या आसपास विरघळतं, म्हणून ५.९ ग्रॅमला ११० मिली लागतंच, वर थोडं गरम गाळण्यासाठी. पाणी उकळत असताना तळाशी तेलाचे थेंब दिसले तर ती अशुद्धी समजून फेकायची नाही. तेच वितळलेलं ॲसिटॅनिलाइड असतं. १०-१० मिली गरम पाणी घालत जा, थेंब नाहीसे झाले की थांबा.

उद्या_व्हायवा

थोडं अवांतर. बारावीच्या प्रॅक्टिकलला मोहर सॉल्ट (फेरस अमोनियम सल्फेट) आहे. फेरस सल्फेट ७ ग्रॅम, अमोनियम सल्फेट ३.५ ग्रॅम. मिळालं ७.६ ग्रॅम. एका गाइडप्रमाणे यील्ड १०६ टक्के येतं, दुसऱ्याप्रमाणे ७७. दोन्ही गाइडं छापील आहेत.

मोलाचा_माणूस

अवांतर नाही, हीच तर गंमत आहे. स्फटिकजल.

बाटलीतलं हिरवं फेरस सल्फेट सात पाण्यांचं, रेणुभार २७८.०१. ७ ग्रॅम म्हणजे ०.०२५२ मोल. अमोनियम सल्फेट १३२.१४, म्हणून ३.५ ग्रॅम म्हणजे ०.०२६५ मोल. लिमिटिंग फेरस सल्फेट. मोहर सॉल्ट सहा पाण्यांचं, रेणुभार ३९२.१४. सैद्धांतिक ९.८७ ग्रॅम, यील्ड ७७ टक्के. हे बरोबर.

१०६ वाल्या गाइडने मोहर सॉल्टचा रेणुभार पाणी वगळून २८४.०५ घेतलेला दिसतो. मग छेद येतो ७.१५ (योगायोगाने वर ॲसिटॅनिलाइडचाही तोच होता) आणि तुमच्या स्फटिकांतलं पाणी सगळं 'जादा यील्ड' म्हणून मोजलं जातं. उलटी चूकही होते: फेरस सल्फेटचा निर्जल रेणुभार १५१.९१ घेतला तर ते ०.०४६ मोल दिसतं, अमोनियम सल्फेट लिमिटिंग ठरतं आणि छेद १०.३९ वर जातो. बाटलीवरचं लेबल बघून रेणुभार घ्यायचा, पाठ असलेला नाही.

गाळणकागद

आणि वर मी ओव्हनची एवढी तारीफ केली, ती मोहर सॉल्टला लागू नाही. इथे तापवलं की स्फटिकजल उडतं आणि पृष्ठभाग पिवळट पडतो. गार अल्कोहोलने एकदा धुवा, फिल्टर पेपरच्या घड्यांत सुकवा, बस्स.

७७ टक्क्यांत कमीपणा काही नाही. हे मीठ पाण्यात भरपूर विरघळतं, खोलीच्या तापमानाला १०० मिलीत २५ ग्रॅमच्या आसपास. स्फटिकांवरचा द्रव ९ मिली उरला असेल तर त्यातच सव्वादोन ग्रॅम आहे. ७.६ मध्ये ते मिळवून बघा, ९.८७ च्या जवळच येतं. हा द्रव अजून आटवून यील्ड वाढवायचा मोह होतो, तेव्हा फार आटवलं तर अमोनियम सल्फेटही सोबत बसतं आणि वजन वाढूनही माल बिघडतो. विरल सल्फ्युरिक ॲसिडचे दोन-तीन मिली विसरलात तर द्रावण तपकिरी होतं. लोह फेरिकमध्ये जातं, जलापघटन होतं. तो भाग मोहर सॉल्टमध्ये येतच नाही.

तिसरी_पाळी

कॉलेजच्या हिशोबात शुद्धता कुणी विचारत नाही, कारखान्यात पहिला प्रश्न तोच. प्लांटवर यील्ड टक्क्यांत बोलतच नाहीत, किलोला किलो बोलतात. पॅरासिटामॉलचं उदाहरण घ्या. पॅरा ॲमिनोफिनॉल १०९.१३, पॅरासिटामॉल १५१.१६. एका किलोला जास्तीत जास्त १.३८५ किलो. कुणी "सव्वा आला" म्हटलं की समजायचं ९० टक्के. इथे १.२५ म्हणजे १२५ टक्के नव्हेत, हे नव्या ट्रेनीला पहिल्या आठवड्यात सांगावं लागतं.

आता शुद्धतेचा हिशोब. १०० किलो ॲमिनोफिनॉल, असे (assay, म्हणजे तपासणीत निघालेली शुद्धता) ९८ टक्के. सुकलेला माल १२६ किलो, एलओडी (सुकवल्यावर घटणारं वजन) ०.४ टक्के, कोरड्यावर असे ९९.५ टक्के.

काही न बघता: १२६ ÷ १३८.५ = ९१.० टक्के.
फक्त कच्च्या मालाची दुरुस्ती केली: छेद ९८ × १.३८५ = १३५.७, म्हणून ९२.८ टक्के.
दोन्हीकडची केली: १२६ × ०.९९६ × ०.९९५ = १२४.९, म्हणून ९२.० टक्के.

खरा आकडा तिसरा. महिनाअखेरीच्या रिपोर्टात मधला दिसला तर आश्चर्य वाटून घेऊ नका. एकच बाजू दुरुस्त केली की आकडा हवा त्या दिशेने सरकतो.

दुसरी गोष्ट सेकंड क्रॉपची. मदर लिकर, म्हणजे स्फटिक गाळल्यावर उरलेला द्रव, आटवून निघालेला माल पुढच्या बॅचमध्ये टाकतात. त्या बॅचचं यील्ड फुगतं, कधी शंभरावरही जातं, आणि पहिलीचं विनाकारण कमी दिसतं. अशा ठिकाणी एकेका बॅचचं यील्ड काढण्यात अर्थ नाही. १० बॅचची मोहीम धरा, एकूण आत गेलेलं आणि एकूण बाहेर आलेलं, सुरुवातीचा आणि शेवटचा मदर लिकरचा साठा वजा-जमा करून.

अणुरेणु

इथेच कन्व्हर्जन आणि यील्डची गल्लतही मिटवू. १०० मोल टाकले, ८० संपले, ७२ मोल हवा तो पदार्थ झाला. कन्व्हर्जन ८०, सिलेक्टिव्हिटी ९०, यील्ड ७२. न संपलेले २० मोल परत मिळवून पुन्हा वापरले तर परत वापरासह यील्ड ९०, पण ते तसं सांगून. अमोनियाच्या प्लांटमध्ये एका फेरीत १५ टक्क्यांच्या आसपासच रूपांतर होतं, उरलेला वायू पुन्हा फिरवतात म्हणून कारखाना परवडतो.

पायऱ्या अनेक असतील तर टक्के गुणायचे. ८०, ७५ आणि ६० टक्के यांची सरासरी ७१.७ येते, तिला काही अर्थ नाही. ०.८० × ०.७५ × ०.६० = ३६ टक्के. प्रत्येक पायरी ९० टक्क्यांची असली तरी दहाव्या पायरीला ३५ टक्के उरतात.

ॲटम इकॉनॉमी, म्हणजे घातलेल्या रेणूंच्या वजनापैकी किती हव्या त्या पदार्थात येतं, हे त्याहून वेगळं प्रकरण, बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१ मध्ये मांडलेलं. वरच्या ॲसिटॅनिलाइडमध्ये १३५.१७ ÷ (९३.१३ + १०२.०९) = ६९.२ टक्के. यील्ड शंभर टक्के आलं तरी तीसेक टक्के वजन ॲसिटिक ॲसिड होऊन जाणार.

बॉयलिंग_हाऊस

धागा कारखान्यावर आलाच आहे तर साखरेचा उतारा घ्या, कारण निम्म्या महाराष्ट्राला टक्केवारी यील्ड याच नावाने माहीत आहे, आणि तो टक्केवारी यील्ड नाही.

उतारा ११ टक्के म्हणजे १०० टन उसाला ११ टन साखर. छेद उसाचं वजन, त्यातलं बहुतेक पाणी आणि चोथा. रसायनवाल्यांच्या अर्थाने बघायचं तर छेद उसातली साखर हवी. समजा उसात पोल (पोलरिमीटरने मोजलेली साखर) १३ टक्के. ११ ÷ १३ = ८४.६ टक्के. गेलेले दोन टक्के असे दिसतील: बगॅसमध्ये (चोथ्यात) ०.५५, प्रेसमडमध्ये (रस गाळल्यावरच्या गाळात) ०.०८, मळीत १.२५, आणि ०.१२ 'अनडिटर्मिन्ड', म्हणजे गळती, ओव्हरफ्लो, रस आंबणं आणि मोजणीतल्या चुका. मळी म्हणजे इथे मोलॅसिस, शेतात टाकतात ती प्रेसमडची मळी नव्हे.

त्यामुळे उतारा घसरला म्हणजे कारखान्याने साखर घालवली असं होत नाही. ऊस तोडून दोन दिवस फडात पडला की सुक्रोज उलटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं आणि उतारा गेटाबाहेरच घसरलेला असतो. बी-हेवी मळी (अजून साखर काढता येईल अशी मधल्या टप्प्यावरची मळी) इथेनॉलला वळवली तरी उतारा कमी दिसतो, पण ती साखर वाया गेलेली नाही, हिशोबात परत धरावी लागते. २०२२-२३ पासून एफआरपीचा (उसाच्या रास्त व किफायतशीर दराचा) पायाभूत उतारा १०.२५ टक्के आहे, तेव्हा हा छेदाचा प्रश्न थेट उसाच्या बिलाचा आहे.

खरं टक्केवारी यील्ड बघायचं तर डिस्टिलरीत. एका ग्लुकोजपासून दोन इथेनॉल: ९२.१४ ÷ १८०.१६ = ०.५११. एक टन मळी, टीआरएस (एकूण रिड्यूसिंग साखर) ४८ टक्के, त्यातली न आंबणारी ४ वजा केली की ४४. म्हणजे ४४० किलो साखर, २२५ किलो अल्कोहोल, ०.७८९ घनतेने २८५ लिटर. ही सैद्धांतिक मर्यादा.

प्रत्यक्षात मिळालं २६५ लिटर रेक्टिफाइड स्पिरिट. २६५ ÷ २८५ = ९३ टक्के? नाही. स्पिरिट ९५ टक्क्यांचं आहे, निव्वळ अल्कोहोल २५२ लिटर, म्हणून ८८ टक्के. आंबवण्याची कार्यक्षमता ९० आणि ऊर्ध्वपातनाची ९८ धरली तर गुणाकार तोच येतो. शंभर टक्के इथे कधीच येत नाहीत, कारण यीस्ट स्वतः वाढायला साखर खातं आणि ग्लिसरॉल बनवतं. पाश्चरने ०.५११ ऐवजी ०.४८४ धरायला सांगितलं ते यामुळेच. आंबवण्याची कार्यक्षमता ९० च्याही खाली घसरली तर व्होलटाइल ॲसिडिटी (उडून जाणाऱ्या आम्लांचं प्रमाण) बघा. ती चढलेली असेल तर साखर बॅक्टेरियांनी खाल्ली. ती ठीक असेल आणि उरलेली साखर जास्त असेल तर वॉश (आंबवलेला द्रव) लवकर काढला. दोन्ही ठीक असतील तर टीआरएसचं फेहलिंग टायट्रेशन पुन्हा करा, छेदच चुकलेला असतो.

आणि हो, सुक्रोजचं जलापघटन होताना पाणी जोडलं जातं: ३४२ चे ३६० होतात. टीआरएस काढताना सुक्रोज ०.९५ ने भागायचं राहिलं तर छेद ५ टक्के लहान होतो आणि डिस्टिलरी एका रात्रीत कार्यक्षम होते.

कोरा_फ्लास्क

वाखूण साठवली आहे. जर्नलमध्ये शेवटी एवढं लिहितो, बघून सांगा: "ॲनिलीन ५.१ ग्रॅम (०.०५४८ मोल), ॲसिटिक ॲनहायड्राइड ५.४ ग्रॅम (०.०५२९ मोल, लिमिटिंग). सैद्धांतिक यील्ड ७.१५ ग्रॅम. कच्चं, ७० अंशांवर स्थिर वजनापर्यंत सुकवलेलं: ५.९ ग्रॅम, ८२.५१७ टक्के. पाण्यातून शुद्ध केलेलं: ५.२ ग्रॅम, ७२.७२७ टक्के."

मोलाचा_माणूस

दशांशानंतरचे तीन आकडे काढा. वजन ५.२ असं दोनच अंकांत आहे, तेव्हा ८३ आणि ७३ पुरे. "ॲनहायड्राइडच्या आधारे" हे दोन शब्द घाला.

गाळणकागद

आणि वितळणबिंदू राहिला. सुकवलेल्या नमुन्याचा घ्या. ११३ ते ११५ मध्ये आला तर ७३ टक्के ॲसिटॅनिलाइडचे. १०५ पासून मऊ पडायला लागलं तर परत ओव्हनमध्ये, आणि ५.२ खोडायला जागा सोडा.